गाडीच्या बॉडीवरचा गंज आणि पेंटचे प्रॉब्लेम

गाडीच्या पोलादी पत्र्यातलं लोखंड हवा आणि पाणी यांच्यामुळे तपकिरी, भुसभुशीत होत जातं तो गंज, आणि पत्र्यावरचे रंगाचे थर फुगतात, सोलतात, फिके पडतात, डागाळतात ते पेंटचे प्रॉब्लेम. दोन्ही एकाच नोंदीत घेतलेत कारण प्रत्यक्षात ते वेगळे काढता येत नाहीत. पेंट फाटला की गंज धरतो, आणि गंज आतून आला की पेंट फुटतो. दुरुस्ती फसते ती बहुतेक वेळा यातलं आधी काय झालं हे न बघताच पॉलिश पेपर हातात घेतल्यामुळे.

गंज ही विजेची रासायनिक क्रिया आहे. ओल्या पत्र्यावर एका जागी लोखंड विरघळतं, जवळच दुसऱ्या जागी ऑक्सिजन वापरला जातो, आणि मधलं पाणी हे सर्किट पूर्ण करतं. पाण्यात मीठ असलं की वीज सहज वाहते म्हणून समुद्राजवळच्या आणि बर्फासाठी रस्त्यावर मीठ टाकतात तिकडच्या गाड्या लवकर सडतात. त्यासाठी पाऊसच लागतो असं नाही, हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की पत्र्यावर न दिसणारा ओलाव्याचा पापुद्रा बसतो आणि तेवढाही पुरतो. उष्णतेने क्रिया वेगात होते, त्यामुळे ओली गाडी बंद, उबदार गॅरेजमध्ये ठेवण्यापेक्षा वाहत्या हवेत उभी केलेली केव्हाही बरी. अॅल्युमिनियमवर येणारा ऑक्साइडचा थर घट्ट बसतो आणि खालच्या धातूला वाचवतो, लोखंडाच्या गंजाचं तसं नाही. तो सच्छिद्र असतो, पाणी धरून ठेवतो, आणि मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा घेतो, म्हणजे दुपटीपासून सहापटीच्याही वर. पेंटखाली तो फुगला की वरचा थर उचलला जातो, तेच आपल्याला दिसणारे फोड.

असा एक फोड नीट बघण्यासारखा असतो. मागच्या चाकाच्या कमानीच्या कडेला वाटाण्याएवढा उंचवटा दिसतो, रंग अजून अखंड असतो, अंगठ्याने दाबलं तर बारीक कुरकुर होते. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने उचलला की पेंटची टिकली अख्खी निघते, तिच्या मागच्या बाजूला तांबूस भुकटी चिकटलेली असते आणि खाली पत्र्यावर काळपट खड्डे. मग कडेने खरवडत गेलं की कळतं गंज फोडाएवढाच नाहीये, पेंटखालून एक-दोन सेंटीमीटर तरी सगळीकडे सरकलाय. पत्र्याची मागची बाजू बोटाने चाचपली आणि तिथे ओल्या मातीचा थर लागला तर समजायचं की गंज आतून बाहेर आलाय, आणि मग बाहेरून कितीही छान रंग मारा, तो परत येणार.

कारखान्यातून निघालेल्या गाडीचा बाहेरचा पत्रा साधारण ०.७ मिलिमीटरच्या आसपास जाड असतो आणि त्यावरचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). सगळ्यात खाली बऱ्याच गाड्यांत जस्ताचा मुलामा, त्यावर फॉस्फेट, मग ई-कोट नावाचा प्रायमर, मग सरफेसर म्हणजे बारीक खाचा भरून पृष्ठभाग सपाट करणारा थर, मग रंगाचा बेस कोट आणि वर क्लिअर कोट म्हणजे पारदर्शक लॅकर. ई-कोट देताना अख्खी बॉडी टाकीत बुडवून वीज सोडतात, त्यामुळे तो पोकळ भागांच्या आतपर्यंत पोचतो, जाडी साधारण २० मायक्रॉन. रंग ज्याचा दिसतो तो बेस कोट १५ मायक्रॉनच्या आसपास, आणि ऊन, घासणं, पक्ष्यांची विष्ठा हे सगळं झेलणारा क्लिअर कोट ३५ ते ५०. जस्ताचं काम वेगळंच आहे, ओरखडा थेट पत्र्यापर्यंत गेला तरी आधी जस्त झिजतं आणि लोखंड वाचतं. पोर्शने १९७० च्या दशकाच्या मध्यात ९११ ला आणि ऑडीने १९८५ मध्ये १०० या मॉडेलला जस्ताचा मुलामा दिलेली बॉडी दिली, त्यानंतर ही पद्धत हळूहळू सगळीकडे पसरली आणि गाड्या काही वर्षांतच आरपार सडण्याचं प्रमाण खूप कमी झालं.

हे थर समजले की दुरुस्तीबद्दलची एक महत्त्वाची गोष्ट आपोआप कळते. ग्राइंडर मारून पत्रा चकचकीत केला की गंजाबरोबर जस्त आणि ई-कोटही गेला, आणि ते दोन्ही गॅरेजमध्ये तसेच्या तसे परत देता येत नाहीत. हाताने स्प्रे गन मारून पोकळ भागाच्या आत रंग पोचत नाही. म्हणून दुरुस्त केलेली जागा आतल्या बाजूने कायम थोडी कमजोरच राहते आणि तिथे नंतर मेण मारावं लागतं, हा भाग बहुतेक लोक सोडून देतात.

गंज कुठे धरतो हे नशिबावर नसतं, पाणी जिथे थांबतं तिथेच धरतो. दरवाजाच्या खालच्या कडेला बाहेरचा पत्रा आतल्या पत्र्यावर दुमडलेला असतो, त्या दुमडीत पाणी शिरतं आणि निघत नाही. काचेच्या रबरातून दरवाजात पाणी जाणारच असतं, ते बाहेर पडावं म्हणून खाली छोटी भोकं ठेवलेली असतात, ती माती-पाल्याने बुजली की दरवाजा आतून भिजत राहतो. दरवाजाखालची आडवी पोकळ पट्टी, म्हणजे सिल, तिचंही तसंच. चाकाच्या कमानीच्या आतल्या कडेवर चिखल बसून राहतो, पुढच्या काचेखालच्या जाळीत पानं कुजतात, सनरूफ असेल तर त्याच्या कोपऱ्यातल्या नळ्या तुंबतात आणि पाणी कार्पेटखाली उतरतं. बॅटरीच्या ट्रेवर आम्ल सांडतं. डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यात लाइटच्या किंवा बीडिंगच्या गळतीचं पाणी साचतं आणि कुणी ती स्टेपनी उचलूनच बघत नाही. अशा फटीत ऑक्सिजन कमी पोचतो आणि गंमत अशी की जिथे ऑक्सिजन कमी तीच जागा जास्त खाल्ली जाते, त्यामुळे दोन पत्र्यांच्या सांध्यात गंज उघड्या पत्र्यापेक्षा खोल जातो. याच्या मानाने बॉनेटच्या पुढच्या कडेवर खडी लागून उडालेले टवके दिसायला वाईट पण बिचारे साधे, तिथे वारा लागतो, पाणी सुकतं, आणि वेळेत टच-अप केलं तर विषय संपतो.

जुनी गाडी बघताना किंवा दुरुस्ती ठरवताना पेंटची जाडी मोजायचं मीटर असेल तर फार काम सोपं होतं. १०० ते १५० च्या आसपास आकडा आला तर मूळ रंग, २०० च्या बराच वर गेला तर तिथे परत रंग मारलाय, आणि हजाराच्या पुढे गेला तर खाली पुट्टी आहे. मीटर नसेल तर पातळ कापडात गुंडाळलेलं चुंबक फिरवा, पुट्टी जाड असेल तिथे ते धरत नाही (पॅनेल अॅल्युमिनियमचं किंवा प्लॅस्टिकचं असेल तर ते कुठेच धरणार नाही हे लक्षात ठेवा). बोटाने टकटक केलं तरी पोकळ आणि भरीव आवाजातला फरक कळतो. खालून सिल आणि फ्लोअर मात्र स्क्रूड्रायव्हरच्या मागच्या टोकाने दाबूनच बघावं, नवीन काळं कोटिंग दिसलं तर जास्तच, कारण त्याखाली गंज झाकलेला असू शकतो.

पत्रा अजून शाबूत असेल, म्हणजे गंज वरवरचा किंवा खड्ड्यांपुरता असेल, तर काम असं चालतं. आधी धुवायचं आणि वॅक्स-ग्रीस थिनरने किंवा डिग्रीझरने पुसून काढायचं, नाहीतर घासताना तेल आणि सिलिकॉन पत्र्यातच रगडलं जातं. मग ८० नंबरच्या पेपरने फोडाच्या पुढे चांगला पत्रा लागेपर्यंत घासायचं, आणि कडेला पेंटचे थर पायरीसारखे न ठेवता १८० आणि ३२० ने उतरते करायचे. चकचकीत पत्र्यात काळे ठिपके उरतात तो खड्ड्यातला गंज, तो वायर ब्रशने नुसता चमकतो, निघत नाही. त्यासाठी फॉस्फोरिक किंवा टॅनिक आम्लाचं रस्ट कन्व्हर्टर लावतात, ते उरलेल्या गंजाचं फॉस्फेट किंवा काळपट टॅनेट करतं. हे औषध शेवटच्या ठिपक्यांसाठी आहे, पापुद्रे सुटणाऱ्या गंजावर ओतून काही होत नाही कारण ते वरच्या थरातच संपतं. बाटलीवर धुवायला सांगितलं असेल तर धुवा, पूर्ण सुकवा, आणि त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर मारा, उघडा पत्रा रात्रभर ठेवला किंवा घामेजल्या हाताने धरला तरी नवीन गंज धरायला लागतो.

पुट्टी लावायची असेल तर ती इपॉक्सीवर, आणि पातळ. पॉलिएस्टर पुट्टी ओलावा शोषते म्हणून गंजावर थेट थापलेली पुट्टी पाणी धरून बसते आणि थोड्याच काळात कडेने फुगते, हा सगळ्यात जास्त केला जाणारा शॉर्टकट आहे आणि ग्राहकाचे पैसे यातच सगळ्यात जास्त बुडतात. त्यानंतर हार्डनरवाला सरफेसर, वॉटर पेपर ४०० ते ६००, बेस कोटचे दोन-तीन हात, मग क्लिअर. मेटॅलिक रंगात फक्त तेवढाच तुकडा मारला तर तो हमखास वेगळा दिसतो, कारण अॅल्युमिनियमचे कण गनच्या दाबाप्रमाणे आणि अंतराप्रमाणे वेगवेगळे बसतात. पेंट कोड बरोबर असूनही असं होतं. म्हणून बेस कोट आजूबाजूला विरवत नेतात आणि क्लिअर मात्र पूर्ण पॅनेलवर मारतात.

पत्र्याला भोक पडलं असेल तर घासण्याचा प्रश्नच उरत नाही, सडलेला भाग चांगल्या पत्र्यापर्यंत कापायचा आणि नवीन तुकडा वेल्ड करायचा. इतका पातळ पत्रा सलग वेल्ड केला तर वाकडा होतो, त्यामुळे लांब लांब टाके मारून, थंड होऊ देत, मधल्या जागा भरत जातात. आधी बॅटरी काढायची, कार्पेट आणि फोम बाजूला करायचे, पेट्रोलची टाकी आणि पाइप कुठे आहेत ते बघायचं. जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्यावर वेल्डिंग करताना निघणाऱ्या धुराने ताप भरतो, म्हणून तिथलं जस्त आधी घासून काढतात आणि हवा खेळती ठेवतात. जाळी लावून फायबर आणि पुट्टीने बुजवलेलं सिल दिसायला नवं असतं पण त्यात ताकद शून्य. आणि सिल, सस्पेन्शन जिथे बसतं त्या जागा, सीटबेल्टचे बोल्ट, सबफ्रेमचे (इंजिन-सस्पेन्शन धरणाऱ्या खालच्या चौकटीचे) पॉइंट हे गाडीचा भार उचलणारे भाग आहेत, धडकेत माणूस यांच्यावरच वाचतो. इथला गंज दिसण्याचा विषय नाही, आणि दोन दरवाजांमधला खांब तर बऱ्याच नव्या गाड्यांत इतक्या कडक पोलादाचा असतो की गरम केला की त्याची ताकदच जाते, त्याला कंपनीने सांगितलेल्या पद्धतीशिवाय हात लावू नये.

आता गंज नसलेले पेंटचे प्रॉब्लेम. छतावर आणि बॉनेटवर क्लिअर कोट पांढरट होऊन पापुद्र्यांनी सुटतो ते उन्हातल्या अतिनील किरणांमुळे, आणि एकदा सुटायला लागला की रबिंग, पॉलिश, सिरॅमिक कोटिंग कशानेही परत चिकटत नाही, घासून नव्याने मारावाच लागतो. जुन्या सिंगल स्टेज रंगाचं, म्हणजे ज्यावर वेगळा क्लिअर नसतो त्याचं, उलट आहे, तो खडूसारखा झाला तरी कंपाउंडने वरचा मेलेला थर काढला की खाली रंग जिवंत असतो. पक्ष्यांची विष्ठा आणि झाडाचा चीक उन्हात तापला की क्लिअरमध्ये खड्डा पाडतो, दिसला की लगेच भिजवून उचलायचा, सुका घासायचा नाही. पांढऱ्या गाडीवर बारीक नारिंगी ठिपके दिसले तर घाबरू नका, बऱ्याचदा ते ब्रेकच्या किंवा रेल्वेच्या लोखंडाच्या भुकटीचे असतात, आयर्न रिमूव्हर मारला की जांभळे होऊन वाहून जातात. नव्या रंगात गोल खळगे पडले तर खाली सिलिकॉन किंवा तेल होतं, टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसली तर थर घाईने एकावर एक मारले आणि थिनर आत अडकला, संत्र्याच्या सालीसारखा पोत आला तर रंग घट्ट किंवा गन चुकीची. हा सालीसारखा पोत १५००-२००० च्या वॉटर पेपरने आणि बफिंगने निघतो, पण क्लिअर मुळात ४० मायक्रॉनच्या आसपास, त्यातले थोडेच मायक्रॉन काढायची मुभा असते, दर काही महिन्यांनी रबिंग मारणारे लोक गाडीचं छत्रच घासून टाकत असतात.

हार्डनर घालायच्या बहुतेक रंगांत आणि क्लिअरमध्ये आयसोसायनेट नावाचं रसायन असतं आणि त्याने कायमचा दमा लागू शकतो, त्याचा वासही धोक्याची सूचना देत नाही. कापडी मास्क तर सोडाच, साधा कार्बन मास्कही त्यावर भरवशाचा मानत नाहीत, बाहेरची स्वच्छ हवा देणारा मास्क लागतो. तो नसेल तर तेवढं काम पेंट बूथवाल्याकडे द्यावं, घासणं आणि प्रायमर मारण्याआधीची तयारी घरी झाली तरी हरकत नाही.

काळजी घ्यायची तर सगळ्यात उपयोगी काम फुकट आहे, दरवाजे आणि सिलखालची भोकं तारेने मोकळी करणं, जाळीतला पाला काढणं, आणि गाडी धुताना कमानीच्या आतून पाणी मारणं. पोकळ भागात लांब नळीने कॅव्हिटी वॅक्स सोडतात, ते पातळ असताना सांध्यात झिरपतं आणि मऊच राहतं, दुरुस्त केलेल्या भागात तर ते हवंच. खालून मारायचं डांबरी अंडरकोटिंग जुनं झालं की कडक होऊन तडकतं, तडकलेल्या जागी पाणी आत जातं आणि गंज झाकलेला राहतो, त्यापेक्षा मेणाचं किंवा लॅनोलिनचं (मेंढीच्या लोकरीतल्या चरबीचं) कोटिंग दर एक-दोन वर्षांनी परत मारलेलं चांगलं. मात्र कुठलंही कोटिंग मारताना भोकं बुजणार नाहीत हे उभं राहून बघावं. बॅटरीला जोडायची गंजरोधक इलेक्ट्रॉनिक डबी विकतात तिचा उपयोग नाही. जहाजाला किंवा जमिनीखालच्या पाइपलाइनला विजेने गंजापासून वाचवता येतं कारण ते सतत पाण्यात किंवा ओल्या मातीत असतात आणि करंटला वाट मिळते. गाडीभोवती हवा असते, तिथे ते सर्किटच पूर्ण होत नाही.