उशिरा झोपलो की उशिरापर्यंत झोपलो?

'आय स्लेप्ट लेट,' असं आपल्याकडचा मुलगा म्हणतो तेव्हा त्याला सांगायचं असतं, की काल अंग टाकायला दीड वाजला. हेच वाक्य न्यूयॉर्कच्या माणसाने ऐकलं, तर तो समजतो की हा आज दहापर्यंत झोपला होता.

मला यात मुलाचं इंग्रजी कच्चं दिसत नाही. मराठीत 'झोपलो' म्हणजे बहुतेकदा 'आडवा झालो', त्यामुळे 'उशिरा' हा शब्द झोपेच्या सुरुवातीला चिकटतो. इंग्रजीत अंथरुणावर पडायला 'गो टू बेड' हा वेगळा प्रयोग आहे. 'स्लीप' ही झोपेची सबंध अवस्था, म्हणून 'लेट' तिच्या शेवटाला जाऊन बसतो. जुन्या इंग्रजीत या 'लेट'चा अर्थ होता मंद, रेंगाळणारा. अंथरुणात रेंगाळणाऱ्याला तो छान शोभतो.

'स्लीप इन'ची गंमत आणखी वेगळी. अमेरिकेत त्याचा अर्थ सुट्टीच्या दिवशी मुद्दाम ताणून देणं. स्कॉटलंडमध्ये 'आय स्लेप्ट इन' म्हणजे जागच आली नाही, कामाला उशीर झाला. आणि ब्रिटनमध्ये वृद्धांची, अपंगांची काळजी घेणाऱ्यांच्या तोंडी 'स्लीप-इन' ही चक्क रात्रपाळी असते: कामाच्या जागीच झोपायचं, हाक आली तर उठायचं. त्या झोपेच्या तासांना किमान वेतन लागू होत नाही, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये दिला. दुसऱ्याच्या हाकेवर कान ठेवून घेतलेली झोप ही विश्रांती कशी, हे मला अजून पटलेलं नाही.

शरीराच्या दृष्टीने मात्र उशिरा झोपणं आणि उशिरापर्यंत झोपणं ही एकाच घड्याळाची दोन टोकं आहेत. हे घड्याळ मेंदूच्या तळाशी, सुमारे 20,000 चेतापेशींच्या पुंजक्यात असतं. बहुतेकांचं चक्र 24 तासांहून थोडं लांब असल्यामुळे सकाळचा उजेड त्याला रोज मागून पुढे ओढून आणतो. किशोरवयात ते मागे सरकत जातं आणि विशीच्या आसपास सर्वांत मागे असतं, असं जर्मन संशोधक टिल रोनेबर्ग आणि सहकाऱ्यांनी 2004 मध्ये दाखवलं. त्यामुळे दीडला झोपणाऱ्या मुलाला सहाला उठवलं, की झोपेचा शेवटचा भाग कापला जातो. स्वप्नांची झोप सर्वांत जास्त असते ती याच भागात. आपण तिला साखरझोप म्हणतो.

आठवडाभर तुटलेली ही झोप तो रविवारी दहापर्यंत भरून काढतो. कामाचे दिवस आणि सुट्टी यांच्यातल्या या तफावतीला 2006 पासून 'सोशल जेटलॅग' हे नाव आहे, कारण घर न सोडता शरीर दर आठवड्याला दुसऱ्या देशाच्या वेळेवर जाऊन येतं. रविवारी सकाळचा उजेड हुकला, की घड्याळ आणखी मागे पडतं. मग त्या रात्री अकराला दिवा मालवूनही तो कुशी बदलत राहतो, आणि सोमवारी गजर मात्र सहालाच वाजतो.