जुना ॲनोरेक्सिया: खाणं सुरू करण्याआधी काय तपासायचं

दहा-बारा वर्षं ॲनोरेक्सिया, म्हणजे स्वतःहून खाणं तोडत जाण्याचा मानसिक आजार, अंगावर काढलेली व्यक्ती अखेर उपचाराला राजी होते, तेव्हा घरच्यांना एकच सुचतं: आता हिला भरपूर खाऊ घाला. शिरा, तूप-साखर, डिंकाचे लाडू. डॉक्टरांना धास्ती असते ती नेमकी याचीच. दीर्घ उपासमारीनंतर खाणं पुन्हा वाढतं तेव्हाचा पहिला आठवडा-दहा दिवस फार नाजूक असतात. या काळात जे बिघडू शकतं त्याला रिफीडिंग सिंड्रोम म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात छळछावण्यांतून सुटलेली माणसं अन्न मिळाल्यावर दगावली, ती काही अंशी यामुळेच.

उपाशी शरीर चरबीवर चालतं आणि इन्सुलिन खाली राहतं. पेशींमधला फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियमचा साठा आटत जातो, पण रक्तातली पातळी शरीर कशीबशी टिकवून धरतं. म्हणून पहिला रिपोर्ट अनेकदा नॉर्मल येतो आणि सगळे निर्धास्त होतात. मग पोटात पिष्टमय पदार्थ गेले की इन्सुलिन उसळतं आणि हे तिन्ही क्षार रक्तातून पेशींत ओढले जातात. फॉस्फेट नसेल तर एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, तयार होत नाही. हृदय आणि श्वासाचे स्नायू दमतात, ठोके अनियमित होतात, पायांवर सूज चढते. त्याच वेळी साखर जाळण्यासाठी थायमिन म्हणजे बी-1 जीवनसत्त्व लागतं. त्याचा शरीरातला साठा जेमतेम काही आठवड्यांचा असतो आणि तो संपला की मेंदूला इजा होऊ शकते. त्यामुळे ‘अशक्तपणा आहे ना, एक ग्लुकोजचं सलाईन लावून टाका’ हा गल्लीतल्या दवाखान्यातला सल्ला इथे धोक्याचा. थायमिन आधी, ग्लुकोज नंतर.

तपासण्यांत एक बारीकशी गोम आहे. लॅबच्या नेहमीच्या ‘इलेक्ट्रोलाइट्स’मध्ये सोडियम, पोटॅशियम आणि क्लोराइड एवढंच येतं. फॉस्फरस आणि मॅग्नेशियम चिठ्ठीवर वेगळं लिहून घ्यावं लागतं. फॉस्फरस साधारण 2.5 ते 4.5 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असावा. धोका जास्त असेल तर खाणं सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात हे क्षार रोज तपासतात, कारण एकच आकडा पाहून काही कळत नाही, घसरण दिसावी लागते. सोबत साखर, सीबीसी, यकृत आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या, ईसीजी, आणि आडवं असताना व उभं राहिल्यावर असा दोनदा रक्तदाब. मूत्रपिंडाच्या तपासणीतलं क्रिएटिनिन नॉर्मल दिसलं म्हणून मूत्रपिंड ठीकच आहे असं नाही. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं, त्यामुळे स्नायू झिजलेले असले की ते मुळातच कमी असतं. नाडी 40 च्या खाली, चक्कर येऊन पडणं, छातीत धडधड, किंवा पोटॅशियम 3 मिलिमोल प्रति लिटरच्या खाली असेल तर बाह्यरुग्ण विभागात थांबू नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

आपल्याकडे निदानालाच वर्षं जातात. भारतातल्या बऱ्याच रुग्ण ‘मला जाड व्हायचं नाही’ असं म्हणतच नाहीत. पोट गच्च होतं, दोन घासांत भरतं, गॅस होतो, एवढीच तक्रार असते. तक्रार खोटी नसते. उपासमारीत जठर खरोखरच हळू रिकामं होतं आणि नियमित खाण्याने काही आठवड्यांत सुधारतं. पण त्यापायी एंडोस्कोपी, क्षयाच्या तपासण्या, भूक वाढवणारी टॉनिकं असा फेरा सुरू राहतो. उपवासांच्या आड तर कितीतरी न खाणं खपून जातं. पाळी बंद झाली म्हणून गर्भनिरोधक गोळ्या दिल्या जातात तेव्हा दर महिन्याला रक्तस्राव होतो, सगळं सुरळीत वाटतं आणि हाडं मात्र विरळ होतच राहतात. या गोळ्यांनी हाडं वाचत नाहीत. पाळी बऱ्याच काळापासून बंद असेल तर हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन करून घ्यावा.

फिजिशियन, मनोविकारतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ एकमेकांशी बोलणारे हवेत. तिघे तीन दिशांना असले तर रुग्णाचंच फावतं, म्हणजे खरं तर आजाराचं. जेवणाचा पाया साधा असतो: तीन जेवणं, दोन-तीन वेळा मधलं खाणं, आणि दोन खाण्यांत तीन-चार तासांपेक्षा जास्त अंतर नाही. काही दिवसांनी चयापचय वेग घेतं आणि खाऊनही वजन अडून बसतं. इथे अनेक घरं धीर सोडतात, तर गरज असते ताटातलं प्रमाण वाढवण्याची. बोलून करायच्या उपचारांत सीबीटी-ई, म्हणजे खाण्याच्या आजारांसाठी विचार आणि सवयी बदलण्यावर भर देणारी पद्धत, हा नीट तपासलेला प्रकार आहे. वजन फार घटलेलं असेल तर साधारण 40 सत्रं लागतात. औषधांचा भार मात्र मर्यादित. बुलिमियात, म्हणजे अधाशासारखं खाऊन मग उलटी वगैरेंनी ते बाहेर काढण्याच्या आजारात, फ्लुऑक्सेटिन ही नैराश्याची गोळी 60 मिलिग्रॅम उपयोगी पडते, पण वजन घटलेल्या ॲनोरेक्सियात नैराश्याच्या गोळ्यांचा फारसा गुण येत नाही. ब्युप्रोपिऑन ही नैराश्याची गोळी तर दोन्हींत वर्ज्य, फिट येण्याच्या भीतीने.

इतक्या वर्षांनी उपयोग होईल का? 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत सिडनी आणि लंडनमधल्या, निदान 7 वर्षं आजारी असलेल्या 63 स्त्रियांना 8 महिन्यांत 30 सत्रं दिली. वजन वाढवण्याचा आग्रह मागे ठेवून रोजचं जगणं सुधारण्यावर भर होता. बहुतेकींनी उपचार पूर्ण केले, आणि जीवनमान व मनःस्थिती सुधारली. बोस्टनमधल्या दीर्घ पाहणीत ॲनोरेक्सियाच्या 31 टक्के रुग्ण 9 वर्षांनी बऱ्या झालेल्या होत्या. 22 वर्षांनंतर हे प्रमाण जवळपास 63 टक्के झालं.

खर्चाचं म्हणाल तर 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम 21 नुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यायचं आहे. पॉलिसीतला प्रतीक्षाकाळ तेवढा आधी वाचून घ्यावा. जवळ तज्ज्ञ कोण हे माहीत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, आणि मराठीतही बोलता येतं.