रिव्हर प्लेटच्या दोन रात्री

परातीपेक्षा मोठ्या गाँगवर स्टुअर्ट कोपलंड एक टोला हाणतो, ड्रम्सवर येऊन बसतो आणि 'मेसेज इन अ बॉटल' सुरू होतं. 'द पोलीस' या रॉक बँडच्या 'सर्टिफायेबल' या मैफलपटाची ही सुरुवात. चित्रीकरण १ आणि २ डिसेंबर २००७ रोजी अर्जेंटिनातल्या ब्युनोस आयर्सच्या रिव्हर प्लेट स्टेडियमवर झालं. मंचावर फक्त तिघं: गायक आणि बास गिटारवादक स्टिंग, ड्रमर कोपलंड आणि पासष्टीला टेकलेला गिटारवादक अँडी समर्स. चौथा वादक नाही, कोरसला कुणी नाही.

हे तिघं पुन्हा एकत्र येतील, असं फार कुणाला वाटत नव्हतं. १९७७ साली लंडनमध्ये पंकची, म्हणजे आक्रमक, सरळसोट रॉकची लाट असताना बँड उभा राहिला. पण समर्स वयाने मोठा, स्टिंग जॅझमधून आलेला. निव्वळ आरडाओरड्यात हे रमणारे नव्हते. त्यांनी जमैकाच्या रेगे संगीताचा ठेका उचलला, मधल्या जागा रिकाम्या सोडल्या, आणि पंकपाठोपाठ आलेल्या 'न्यू वेव्ह' रॉकमधलं सर्वांत मोठं नाव झाले.

भांडणं मात्र पहिल्यापासून. १९८३ चा 'सिंक्रोनिसिटी' हा सर्वांत गाजलेला अल्बम आणि स्टुडिओतला शेवटचाही. १९८६ मध्ये पुन्हा जमले, तर कोपलंड घोड्यावरून पडला, त्याचं कॉलरबोन मोडलं. ड्रम वाजवणं शक्य नव्हतं, म्हणून मग ताल देणारं यंत्र कुठलं वापरायचं यावर वाद! हाती लागलं जुन्याच एका गाण्याचं नवं रूप. पुढची वीसेक वर्षं जो तो आपापल्या वाटेने गेला.

११ फेब्रुवारी २००७ ला ग्रॅमी सोहळ्याची सुरुवात त्यांनी 'रॉक्सॅन' या आपल्या गाण्याने केली आणि दुसऱ्या दिवशी दौरा जाहीर केला. मे महिन्यात व्हँकूव्हरला दौरा सुरू झाला. तिथला दुसराच कार्यक्रम कसा फसला, हे कोपलंडने स्वतःच जाहीरपणे लिहिलं, स्टिंगची यथेच्छ टिंगल करत. मला तर या पुनर्मीलनातला सगळ्यात खरा क्षण तोच वाटतो. डिसेंबरपर्यंत हात बसले होते. चित्रफितीत दिसतात ते सरावलेले पोलीस.

ब्युनोस आयर्सशी त्यांचं जुनं नातं होतं. डिसेंबर १९८० मध्ये ते तिथे गेले तेव्हा लष्करी राजवट होती. भर कार्यक्रमात एका चाहतीशी दांडगाई करणाऱ्या शिपायाला समर्सने मंचावरून लाथ घातली आणि अटक होता होता राहिली. बँडचं नाव 'पोलीस', त्यामुळे किस्सा आणखीच रंगला.

त्याच वर्षी, २६ मार्च १९८० ला, ते मुंबईतही वाजवून गेले होते. धोबी तलावजवळचं उघडं रंगभवन, आणि आयोजक 'टाइम अँड टॅलेंट्स क्लब' ही महिलांची धर्मादाय संस्था. रॉकच्या व्यवसायाशी या बायकांचा काडीचा संबंध नव्हता, तरी त्यांनी कार्यक्रम घडवून आणला. त्या जगदौऱ्यावर कॅमेरा सोबत होता, त्यामुळे ती मुंबईही फिल्मवर उतरली. कोपलंडजवळ स्वतःचा सुपर-८ कॅमेराही असायचा. त्यातल्या चित्रणातून त्याने २००६ साली माहितीपट केला. पुनर्मीलनाची कुजबुज त्यानंतर वाढली.

रिव्हर प्लेटला शेवटी वाजतं 'नेक्स्ट टू यू', म्हणजे १९७८ च्या पहिल्या अल्बममधलं पहिलं गाणं.