‘लालबागमध्ये फास्टर फेणे’ : प्रकरणांच्या शीर्षकांची पार्श्वभूमी

‘प्रतापगडावर फास्टर फेणे’, ‘चक्रीवादळात फास्टर फेणे’, ‘विमानचोर विरुद्ध फास्टर फेणे’ ही भा. रा. भागवतांनी आपल्या पुस्तकांना दिलेली नावे वाचून मी लहानपणी पुस्तक उघडण्याआधीच निम्मी गोष्ट मनात रचून टाकत असे. पुढे या नावांची घडण लक्षात आली. त्यांतली कित्येक नावे आपला नायक कुठे आहे एवढेच सांगतात, तो काय करणार हे सांगत नाहीत, आणि ते ‘कुठे’ ऐकूनच वाचकाचे कुतूहल जागे होते. फुरसुंगीचा बनेश ऊर्फ बन्या, म्हणजेच फास्टर फेणे, मुंबईत, लालबागच्या चाळीत राहणाऱ्या मावशीकडे सुट्टीला आला तर काय होईल, या कल्पनेवर मी जी फॅन फिक्शन, म्हणजे आवडत्या लेखकाचे पात्र घेऊन चाहत्याने रचलेली कथा, लिहिली तिच्या प्रकरणांना नावे देताना मी हाच धडा समोर ठेवला. प्रत्येक शीर्षक मुंबईत खरोखर असलेल्या, किंवा एके काळी असलेल्या, एखाद्या गोष्टीचे नाव असावे, आणि ते प्रसंगाचे वर्णन करणारे नसावे, असे मी ठरवले. त्या नावांचा इतिहास शोधताना कथाच अनेकदा बदलावी लागली, म्हणून हे टिपण.

कथेचा काळ मे 1982 हा आहे आणि तिच्या मुळाशी 14 एप्रिल 1944 रोजी गोदीत झालेला स्फोट आहे. व्हिक्टोरिया गोदीत लागलेल्या ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावर सुमारे 1,400 टन स्फोटके आणि कराचीला चढवलेल्या कापसाच्या हजारो गाठी एकत्र होत्या. दुपारी आग लागली, चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा. आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे 66 जवान त्यात मृत्युमुखी पडले, आणि त्यांच्या स्मरणार्थ आजही 14 एप्रिलपासून देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. याच जहाजावर सोन्याच्या विटाही होत्या. त्या स्फोटाने चहूकडे उधळल्या गेल्या आणि काही तर पुढे कित्येक वर्षांनी गोदीतला गाळ उपसताना सापडल्या. न सापडलेल्या अशाच एका विटेचा माग बन्या काढतो.

‘अठ्ठावीस पौंड’ हे त्या विटेच्या प्रकरणाचे नाव. पहिल्या खर्ड्यात त्याचे नाव ‘सोन्याची वीट’ होते आणि बन्या ती वीट काखोटीला मारून गल्लीबोळांतून धूम ठोकत होता. मग गोदीपासून सुमारे मैलभर अंतरावर तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या एका वृद्ध पारशी गृहस्थांची हकीकत माझ्या वाचनात आली. स्फोटानंतर एक वीट छप्पर फोडून त्यांच्या घरात येऊन पडली होती आणि त्यांनी ती सरकारला परत केली होती. विटेचे वजन 28 पौंड होते, म्हणजे सुमारे 12.7 किलो. सोने इतके जड असते की एवढ्या वजनाची वीट आकाराने पाण्याच्या एक लिटरच्या बाटलीपेक्षाही लहान भरते. त्या आठवड्यात मी दळणाला न्यायचे साडेबारा किलो गहू एका पिशवीत भरले आणि ती पिशवी छातीशी धरून आमच्या चाळीचे तीन जिने चढले. दुसऱ्या मजल्याच्या कठड्यावर पिशवी टेकवावी लागली, आणि त्या संध्याकाळी बन्याची धूम मी खोडून टाकली. आता तो वीट सायकलच्या कॅरिअरवर बांधतो, आणि सायकल मागे कलते म्हणून त्याला ती चालवता न येता ढकलत न्यावी लागते. ज्याची सगळी कीर्ती वेगावर उभी आहे त्या मुलाला हळू चालायला लावणारे हे प्रकरण माझ्या मते सगळ्यांत चांगले उतरले आहे, आणि ते उतरले ते शीर्षकात वजन आल्यामुळे.

‘एकोणचाळीस मिनिटे’ या शीर्षकाने मात्र मला बराच त्रास दिला. 1 जानेवारी 1906 पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. मुंबईची स्थानिक वेळ ग्रिनिचच्या 4 तास 51 मिनिटे पुढे होती आणि नवी वेळ साडेपाच तास पुढे, म्हणजे दोन्हींत 39 मिनिटांचा फरक पडत होता. मुंबईकरांना ही वेळ लादलेली वाटली. त्याच महिन्यात गिरणी कामगारांनी तिच्याविरुद्ध निदर्शने केली, कारण घड्याळ पुढे गेले की पाळी तेवढी आधी सुरू होणार होती. महापालिकेने ‘मुंबई टाइम’ स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे सोडला नव्हता. स्फोटाच्या दोन साक्षीदारांनी सांगितलेल्या वेळांत नेमका 39 मिनिटांचा फरक असावा, आणि दोघेही खरे बोलत आहेत हे बन्याने ओळखावे, अशी माझी योजना होती. पण दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, सप्टेंबर 1942 पासून ऑक्टोबर 1945 पर्यंत, प्रमाणवेळच आणखी एक तास पुढे केलेली होती, हे नंतर लक्षात आले. तेव्हा एप्रिल 1944 साठी माझा साधा वजाबाकीचा हिशेब उरलाच नाही. रहस्यकथेचा वाचक घड्याळाच्या बाबतीत केलेली फसवणूक कधी माफ करत नाही, आणि करूही नये. म्हणून शीर्षक ठेवले, साक्षीदार काढले, आणि ते 39 मिनिटांचे अंतर मावशीच्या सासऱ्यांनी युद्धापूर्वी लिहिलेल्या रोजनिशीत नेले.

दोन शीर्षके मराठीच्या मेहेरबानीने मिळाली. रे रोड स्टेशनाच्या पूर्वेला, जुनी जहाजे तोडण्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या किनाऱ्याच्या पट्ट्याला दारूखाना म्हणतात. हे नाव ऐकून परगावचा माणूस गुत्ता शोधू लागतो. पण ही दारू म्हणजे दारूगोळ्यातली दारू, आणि जवळच माझगावात गनपावडर रोड आजही आहे. पुण्याहून आलेल्या बन्याला मावशी “दारूखान्यात पाऊल टाकशील तर याद राख” असे दरडावते ते तिथल्या लोखंडाच्या आणि गुंडांच्या भीतीने, पण बन्या भलताच अर्थ घेतो आणि चार पाने चुकीच्या दिशेने शोधत राहतो. ‘भाऊचा धक्का’ हे दुसरे. भाऊ अजिंक्य यांच्या नावाने ओळखला जाणारा हा धक्का कोकणात जाणाऱ्या माणसांच्या पिढ्यान्‌पिढ्यांना ठाऊक आहे, आणि त्या प्रकरणात भाऊ नावाच्या पात्राकडून बन्याला बसणारा धक्का मी मुद्दाम योजला आहे. ही दोन्ही नावे दुसऱ्या भाषेत नेली तर निम्मी मरतात, म्हणून ती मला अधिक प्रिय आहेत.

‘कॉटन ग्रीन’मध्येही बन्या फसतो, कारण तो हिरवा रंग शोधत बसतो. ग्रीन म्हणजे इथे मैदान. फोर्टात सेंट थॉमस चर्चजवळच्या मोकळ्या मैदानावर पूर्वी कापसाच्या गाठी रचल्या जात. तो व्यापार 1844 मध्ये कुलाब्याला हलला, नंतर विसाव्या शतकात शिवडीला आला, आणि मैदान मागे राहून नाव मात्र कापसाबरोबर प्रवास करत हार्बर लाइनच्या स्टेशनावर येऊन स्थिरावले. ‘डेक्कन क्वीन’बद्दल फार सांगण्यासारखे नाही. 1930 पासून मुंबई आणि पुणे जोडणाऱ्या या गाडीशिवाय बन्याला घरी पाठवणे मला प्रशस्त वाटले नाही, इतकेच.

‘बदली’ हे शीर्षक आमच्या घरातून आले आहे. बँकेत किंवा सरकारी नोकरीत बदली म्हणजे एका गावाहून दुसऱ्या गावी जाणे. गिरणगावात बदली म्हणजे माणूस. कायम कामगार गैरहजर राहिला तर त्याच्या जागी घ्यायचा तो बदली कामगार, आणि तो रोज पाळीच्या आधी गेटवर जाऊन उभा राहत असे. माझे थोरले मामा कित्येक वर्षे बदली होते. त्यांचे कार्ड आजीने बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जपून ठेवले होते. त्या कार्डाच्या मागच्या बाजूला मामांनी शिसपेन्सिलीने खुणा केल्या आहेत. काम मिळाले त्या दिवशी उभी रेघ आणि परत यावे लागले त्या दिवशी शून्य. एका महिन्यात अकरा रेघा आहेत, बाकी सगळी शून्ये. हे कार्ड मी जसेच्या तसे कथेत घातले आहे. बन्याला ती सांकेतिक लिपी वाटते, तो रात्रभर जागून ती उलगडत बसतो, आणि सकाळी काका त्याला तिचा अर्थ सांगतात. भागवतांच्या नायकाने नेहमी कोडे सोडवावे अशीच वाचकाची अपेक्षा असते, पण हे एक कोडे त्याला सुटू नये असे मला मनापासून वाटले.

राहिले ‘भोंगा’, म्हणजे पाळीची वेळ कळवणारा गिरणीचा भोंगा. 18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, म्हणजे माझ्या कथेतल्या मे महिन्यात त्याला चार महिने होत आले होते. या प्रकरणाचे पहिले शीर्षक ‘शुकशुकाट’ होते. मामीने खर्डा वाचला आणि तो शब्द चुकीचा असल्याचे सांगितले. “शुकशुकाट कुठला गं? उलट सगळे पुरुष दिवसभर घरात. पत्ते, भांडणं, गॅलरीत ही गर्दी. नव्हता तो फक्त भोंगा. पोरांना शाळेला उठवायचं कसं तेच कळेना.” त्यानंतर मी ते पान पुन्हा लिहिले. मावशी शेजारच्या खोलीतून गजराचे घड्याळ मागून आणते, त्याची किल्ली कशी द्यायची हे तिला ठाऊक नसते, आणि बन्या तिला ते दाखवतो.