गावाकडं रेशनला "कंट्रोल" का म्हणतात?

आमच्या गावात रेशनच्या दुकानाला अजून कंट्रोलच म्हणतात. "कंट्रोलला साखर आलीय का बघून ये जरा" हे वाक्य लहानपणापासून इतक्यांदा ऐकलंय की हा इंग्रजी शब्द आहे हेच बरीच वर्षं डोक्यात आलं नव्हतं. हा शब्द थेट दुसऱ्या महायुद्धातला आहे, तेव्हा सरकारनं धान्याच्या भावावर आणि वाटपावर जे नियंत्रण आणलं तोच हा कंट्रोल. महायुद्ध म्हटलं की आपल्याला हिटलर, रणगाडे, हिरोशिमा एवढंच आठवतं, पण आपल्या आजी-पणज्यांच्या घरात ते युद्ध शिरलं ते धान्याच्या भावातून आणि रांगेतून.

३ सप्टेंबर १९३९ ला व्हाइसरॉय लिनलिथगोनं हिंदुस्थान युद्धात उतरल्याचं जाहीर करून टाकलं, इथल्या कुणाला विचारलंसुद्धा नाही, त्यावरून काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले, आपल्या मुंबई प्रांतातलं खेरांचं सरकारही गेलं. तरी पहिली दोन वर्षं सामान्य माणसाला फार झळ लागली नाही. खरा दणका बसला जपान उतरल्यावर. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडलं, मार्चमध्ये रंगून, आणि ब्रह्मदेशातून दरवर्षी येणारा दहा लाख टनांवर तांदूळ एकदम बंद. त्या तांदळावर बंगाल जसा अवलंबून होता तसं आपलं कोकण आणि मुंबईपण होती. त्यात आगगाड्या लष्कराच्या कामाला जुंपलेल्या, म्हणजे पंजाबात गहू असला तरी तो इकडं आणायला वाघिणी (मालगाडीचे डबे) नाहीत.

दुसरी भानगड पैशाची, आणि ही मला जास्त इंटरेस्टिंग वाटते कारण ती कुणी सांगत नाही. ब्रिटिश सरकार इथून कापड, तंबू, बूट, धान्य, जे मिळेल ते लष्करासाठी उचलायचं आणि त्याचे पैसे लंडनमध्ये पौंडात खात्यावर मांडून ठेवायचं, इथं मात्र व्यापाऱ्याला रुपये द्यायला लागायचे, मग ते आणायचे कुठून तर रिझर्व्ह बँकेनं नोटा छापायच्या. १९३९ मध्ये साधारण १८० कोटींच्या नोटा बाजारात होत्या, १९४५ पर्यंत त्या ११०० कोटींच्या वर गेल्या. नोटा सहापट आणि माल होता त्यापेक्षा कमी, भावाचं काय होणार ते सांगायला नकोच. लोक काही खुळे नव्हते, त्यांनी चांदीचे रुपये गाडग्यात पुरून ठेवायला सुरुवात केली, म्हणून सरकारला १९४० मध्ये एक रुपयाची नोट काढावी लागली. तांबंही वाचवायचं होतं, त्यातून १९४३ मध्ये भोकाचा पैसा आला. हा पैसा माझ्याकडं एक आहे, आजीच्या डब्यात सापडलेला, मधोमध गोल भोक आणि वर राजाच्या मुंडक्याऐवजी नुसता मुकुट. गंमत म्हणजे लोक तो वायसर म्हणूनपण वापरायचे, कारण वायसर त्याच्यापेक्षा महाग पडायचा!

तर अशा परिस्थितीत मे १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग सुरू झालं, देशातल्या मोठ्या शहरांत पहिलं. घरटी कार्ड, माणशी ठरलेलं धान्य, ठरलेलं दुकान. आधी दुकानदार माल दडवायचा आणि रांगेत उभं राहून राहून बायकांच्या हातात शेवटी काही नाही असं चालायचं, ते बऱ्यापैकी थांबलं. आणि त्याच वर्षी बंगालमध्ये काय झालं बघा, तिथं कलकत्त्याच्या कारखान्यांना आणि सरकारी नोकरांना आधी धान्य पुरवलं, खेड्यांना वाऱ्यावर सोडलं, वीस ते तीस लाख माणसं मेली. मुंबईचं नशीब चांगलं म्हणून वाचली असं नाही, इथं वाटपाची व्यवस्था वेळेत उभी राहिली. अर्थात त्याची किंमत शेतकऱ्यानं मोजली, सरकारी दरानं सक्तीची लेव्ही, म्हणजे पिकाचा ठरलेला वाटा सरकारला घालावा लागायचा आणि शेजारच्या काळ्या बाजारात त्याच धान्याला कितीतरी जास्त भाव. "काळा बाजार" हा शब्द घरोघरी झाला तो याच काळात. कापडालाही कंट्रोल आला, मिलच्या कापडावर किंमत छापायची सक्ती झाली.

१४ एप्रिल १९४४ ला तर युद्ध अक्षरशः मुंबईच्या छपरांवर पडलं. व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन नावाचं जहाज, त्यात सुमारे चौदाशे टन दारूगोळा आणि त्याच जहाजात कापसाच्या गासड्या (हे कुणी ठरवलं देव जाणे). दुपारी कापसाला आग लागली, चारच्या सुमाराला पहिला स्फोट, अर्ध्या तासानं दुसरा. जहाजात सोन्याच्या विटाही होत्या, त्या उडून लांबपर्यंत जाऊन पडल्या. शेकडो माणसं गेली, शिवाय गोदामांतलं हजारो टन धान्य जळालं, तेही कार्डावर मोजून मोजून धान्य मिळायच्या दिवसांत.

तिकडं आपली माणसं लढत होतीच. सैन्य दोन लाखांवरून पंचवीस लाखांच्या आसपास गेलं, सगळी भरती स्वेच्छेची म्हणतात, पण घरात खायला नसेल तर ती किती स्वेच्छेची हा प्रश्नच आहे. माणगावकडचे यशवंत घाडगे १९४४ च्या जुलैत इटलीत पडले, मशीनगनच्या चौकीवर एकटे धावून गेले होते, त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

युद्ध १९४५ ला संपलं पण कंट्रोल काही संपला नाही. गांधीजी कंट्रोलच्या विरोधात होते, १९४७ च्या शेवटी सरकारनं धान्यावरचा उठवलाही, भाव भडकले, पुढच्याच वर्षी परत लावला. मग केंद्रातले अन्नमंत्री रफी अहमद किडवईंनी १९५४ पर्यंत पुन्हा काढला, काही वर्षांत स्वस्त धान्य दुकानं परत आली, १९६५ मध्ये अन्न महामंडळ झालं आणि रेशनकार्ड घराघरात कायमचं झालं. मुंबईतल्या पागडीच्या घरांचीही (एकरकमी पैसे देऊन जुन्या भाड्यानं राहायच्या) गोष्ट हीच, भाडं गोठवलं युद्धात, आणि १९४७ च्या कायद्यानं प्रमाण भाडं, म्हणजे घेता येईल ते भाडं, धरलं ते १ सप्टेंबर १९४० चं, त्यामुळं गिरगावात पुढं कितीतरी वर्षं लोक खोलीचं जे भाडं भरत होते त्यात दोन वडापावही आले नसते.