फुले, निळू

फुले, नीळकंठ कृष्णाजी : (१९३०–१३ जुलै २००९). मराठी चित्रपट, नाटक व लोकनाट्य यांतील अभिनेते. निळू फुले या नावाने सर्वपरिचित. गावचा पाटील, सरपंच, साखरसम्राट अशा भूमिकांतून ग्रामीण सत्तेचा चेहरा त्यांनी पडद्यावर उभा केला. प्रत्यक्षात ते आयुष्यभर समाजवादी चळवळीचे कार्यकर्ते होते.

जन्म पुण्याचा. वयाच्या सतराव्या वर्षी ते आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजच्या बागेत माळी म्हणून कामाला लागले. पगार महिना ८० रुपये. त्यांतले १० रुपये राष्ट्र सेवा दलाला जात. स्वतःची रोपवाटिका काढण्याचा बेत पैशांअभावी बारगळला. अभिनयाचे शिक्षण म्हणावे तर ते सेवा दलाच्या कलापथकातच झाले. १९५७ च्या निवडणुकीसाठी त्यांनी ‘येरागबाळ्याचे काम नोहे’ हा वग लिहिला. पु. ल. देशपांडे यांच्या ‘पुढारी पाहिजे’मधील रोंग्याच्या कामाने ते लोकांच्या नजरेत भरले आणि ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या लोकनाट्याने त्यांचे नाव झाले. अनंत माने यांच्या ‘एक गाव बारा भानगडी’ (१९६८) या चित्रपटातील झेलेअण्णांपासून त्यांची चित्रपटातील वाटचाल सुरू झाली.

जब्बार पटेल दिग्दर्शित व विजय तेंडुलकर लिखित ‘सामना’मधील हिंदुराव धोंडे-पाटील ही त्यांची सर्वांत महत्त्वाची भूमिका. १९७५ च्या बर्लिन चित्रपट महोत्सवात हा चित्रपट स्पर्धा विभागात होता. हिंदुराव हा सहकारातून वर आलेला साखरसम्राट. गावात आलेल्या एका दारुड्या मास्तरला (श्रीराम लागू) तो घरी आणतो, पाहुणचार करतो, दारू पाजतो. मास्तर मात्र गावातून नाहीशा झालेल्या एका माणसाबद्दल एकच प्रश्न लावून धरतो : मारुती कांबळेचं काय झालं? इथे फुले यांचे कसब दिसते. हिंदुराव आरडाओरडा करीत नाही. आवाज खालच्या पट्टीतच राहतो, आदरातिथ्यही सुटत नाही. पण बोलता बोलता मध्येच थांबणे, समोरच्याला जोखणारी ती तिरकी नजर, घोगऱ्या स्वरात मुरलेली गुर्मी यांतून माणूस आतून हादरल्याचे कळत जाते. त्याआधीच्या मराठी पडद्यावरचा खलनायक ठोकळेबाज असे. हा खलनायक प्रेक्षकाने आपल्याच तालुक्यात पाहिलेला होता.

खलपुरुष म्हणून ही ओळख इतकी घट्ट झाली, की नकलाकारांनी ‘बाई, वाड्यावर या’ एवढ्या एका वाक्यात त्यांना बसवून टाकले. हा अन्यायच म्हणावा लागेल. जब्बार पटेल यांच्याच ‘सिंहासन’मध्ये (१९७९) ते राजकारणाचा खेळ कडेने पाहणारा, सगळे कळूनही काही करू न शकणारा पत्रकार दिगू टिपणीस झाले. सत्ता गाजवणाऱ्याइतकाच सत्तेपुढे हतबल झालेला माणूसही त्यांना साधतो, हे या भूमिकेने दाखवून दिले. ‘पिंजरा’ (१९७२), ‘सोंगाड्या’ (१९७१), ‘जैत रे जैत’ (१९७७) हे त्यांचे आणखी काही चित्रपट. हिंदीत ‘कुली’ (१९८३), ‘मशाल’ व ‘सारांश’ (दोन्ही १९८४) यांत ते दिसले. पण त्यांच्या बोलीचा कस लागेल असे काम हिंदीत फारसे वाट्याला आले नाही.

रंगभूमीवर तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’मध्ये (१९७२) सखारामची भूमिका प्रथम त्यांनीच केली. दिग्दर्शन कमलाकर सारंग यांचे. नाटकावर अश्लीलतेचा आक्षेप आला आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. टाकून दिलेल्या बायकांना घरात आणून स्वतःचे नियम लादणारा, तरी स्वतःशी प्रामाणिक असलेला हा पुरुष फुले यांनी कसलीही सारवासारव न करता उभा केला. जयवंत दळवी यांच्या ‘सूर्यास्त’मधील गांधीवादी आप्पाजी हे त्याचे अगदी दुसरे टोक.

संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांना १९९१ मध्ये मिळाला. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामाशी त्यांचा जवळचा संबंध होता. पूर्णवेळ सामाजिक कार्यकर्त्यांना मानधन देता यावे म्हणून उभारलेल्या सामाजिक कृतज्ञता निधीसाठी ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग गावोगाव झाले, त्यांत लागूंसोबत फुलेही होते. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांवरील ‘गोष्ट छोटी डोंगराएवढी’ (२००९) हा त्यांच्या अखेरच्या चित्रपटांपैकी एक. अन्ननलिकेच्या कर्करोगाने पुण्यात त्यांचे निधन झाले.