पन्हळ

उतरत्या छपराच्या खालच्या कडेला लावलेल्या, वरून उघड्या नळीला पन्हळ म्हणतात. छपरावरून ओघळणारे पावसाचे पाणी ती झेलते आणि ठरलेल्या जागी नेऊन सोडते. पन्हळ नसेल तर कडेवरून सुटणाऱ्या धारांना पागोळ्या म्हणतात. ‘आढ्याचे पाणी वळचणीला’ ही म्हण उताराच्या भरवशावर बेतलेली आहे. प्रत्यक्षात आढे (छपराचा माथा) ते वळचण (छपराची खालची कड) या वाटेवरच्या प्रत्येक सांध्यात पाणी घरात शिरू शकते.

१ चौ.मी. जागेवर १ मि.मी. पाऊस पडला की १ लिटर पाणी होते. म्हणजे ताशी १०० मि.मी.च्या सरीत १०० चौ.मी. छपरावरून सेकंदाला पावणेतीन लिटर पाणी उतरते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मि.मी. पाऊस झाला, तेवढ्याच छपरावर त्याचे ९४ हजार लिटर होतात. पन्हळ किंवा पाइप ठरवताना मात्र दिवसभराच्या पावसापेक्षा दहा-पंधरा मिनिटांच्या सरीचा जोर धरायचा. छपराचे क्षेत्रफळही कौलांवरून न मोजता, ते जेवढी जमीन झाकते तेवढेच घ्यायचे. चार इंची उभ्या पाइपामागे ४० चौ.मी. हा हिशेब कोकण-मुंबईकडे सुरक्षित ठरतो.

कौलारू छपरात पहिला बचाव उताराचा असतो. मंगलोरी कौलांचा कारखाना बासेल मिशनने १८६५ साली मंगळूरला काढला आणि पुढे ही कौले पश्चिम किनाऱ्यावर सर्वत्र पोचली. कडांना खाचा असल्याने ती एकमेकांत अडकतात आणि मागच्या गाठींनी रिपेला, म्हणजे खालच्या आडव्या लाकडी पट्टीला, धरून राहतात. त्यांना २५ ते ३० अंशांचा उतार लागतो. उतार कमी पडला की वाऱ्याने ढकललेले पाणी खाचेतून मागे चढते आणि रिपा भिजतात. रिपांमधले अंतर हातातली कौले रचून ठरवावे. कारखान्यागणिक कौलाचे माप थोडे बदलते. जुन्या नळ्यांच्या (अर्धगोल कौलांच्या) छपराला खाचांचा आधार नसतो, म्हणून मे महिन्यात घर शाकारावे लागते: नळे उतरवायचे, फुटके काढायचे, पालापाचोळा झाडायचा आणि पुन्हा रचायचे.

सर्वांत जास्त गळती होते ती दोन उतार आतल्या बाजूला मिळतात तिथे. त्या खोबणीत दोन्हीकडचे पाणी एकवटते, म्हणून तिथे जस्ताचा पत्रा घालून तो दोन्ही बाजूंच्या कौलांखाली किमान १५ सें.मी. सरकवतात. खोबणीतली धार वेगाने येते आणि पन्हळ उथळ असेल तर तिच्यावरून उडी मारून पलीकडे पडते. त्या कोपऱ्यात पन्हळीची बाहेरची कड पत्रा लावून उंच करावी. बाकी सगळीकडे मात्र बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा बोटभर खाली हवी, म्हणजे पन्हळ तुंबली तर पाणी अंगणात सांडते, भिंतीवर येत नाही. हे उलटे बसवलेले बरेचदा दिसते.

पन्हळीला दर ३ मीटरला सुमारे दीड सें.मी. ढाळ पुरतो, जास्त दिला तर एका टोकाला पन्हळ कौलांपासून खाली जाते आणि पाणी तिच्या मागे पडू लागते. कौलाचे टोक पन्हळीत ५ सें.मी. आलेले असावे. आधाराच्या पट्ट्या ६० ते ७५ सें.मी.वर ठोकाव्यात, नाहीतर भरलेली पन्हळ मध्येच झोळ खाते, झोळात माती साचते आणि पत्रा तिथूनच गंजतो. पत्र्यांचे जोड देताना वरचा तुकडा खालच्याच्या आत उतरावा. पीव्हीसी पन्हळ गंजत नाही, पण ४ मीटरची लांबी तापमानातल्या ३० अंशांच्या फरकाने सुमारे ८ मि.मी. वाढते, जोडात तेवढी फट ठेवली नाही तर ती वाकते.

कोकणात जुन्या घरांना सर्वत्र पन्हळ नसते, कारण छप्पर भिंतीच्या बरेच पुढे आलेले असते आणि पागोळ्या जोत्यापासून लांब पडतात. त्या रेषेत जांभा किंवा फरशी बसवली नाही तर जमिनीत चर पडतो आणि चिखलाचे शिंतोडे भिंतीवर उडतात. झड येणाऱ्या बाजूला झावळ्यांचे झाप बांधतात, कारण आडव्या पावसापुढे पन्हळीचे काही चालत नाही.

गच्चीची गोष्ट निराळी. तिथे उतार जवळजवळ नसतोच. विटांच्या तुकड्यांचा कोबा करून तो १०० सें.मी.ला १ सें.मी. या प्रमाणात पाइपाच्या तोंडाकडे देतात. कठड्याच्या पायथ्याशी सिमेंटची गोल वाट काढतात, कारण काटकोनी कोपऱ्यात पहिली भेग पडते. काम झाल्यावर तोंडे बंद करून दोन-तीन दिवस पाणी साठवून पाहतात. तरी पुढे गळते ते बहुतेक पाइप स्लॅबमधून जातो तिथे. पीव्हीसी आणि सिमेंट एकमेकांना नीट धरत नाहीत. तोंडावर सपाट जाळी असेल तर एकच पिंपळपान ती झाकते, म्हणून घुमटाकार जाळी बसवावी. तुंबलेल्या १०० चौ.मी. गच्चीवर १० सें.मी. पाणी म्हणजे स्लॅबवर १० टन वजन. यासाठी कठड्यात, कोब्यापासून ५ सें.मी. उंचीवर आणि जिन्याच्या उंबऱ्यापेक्षा खाली, एक जादा नळी बाहेर काढलेली असावी. तिच्यातून धार दिसू लागली की जाळी तुंबली आहे हे खालच्यांनाही कळते.